डॉक्टरला घाई करू नका

दातात भरलेलं पांढरं सिमेंट वर्षभरात निघून आलं की आपल्याकडे दोनच निदानं होतात. एक, माल हलका होता. दोन, डॉक्टरनं लुटलं. कधी तसं असतंही. पण बऱ्याचदा माल प्रयोगशाळेत पास झालेला असतो. तो ज्या परिस्थितीत पास झाला, ती मात्र तुमच्या तोंडात त्याला मिळालेली नसते. सावनेर, खापा, केळवदकडच्या मंडळींना माझं सांगणं एवढ्यापुरतंच आहे, कारण ती परिस्थिती मिळवून देणं थोडंफार तुमच्याही हातात आहे.

दोन पदार्थ दिसायला सारखेच पांढरे असतात. एक ग्लास आयनोमर, स्वस्त आणि दाढेच्या दाबाखाली कमी टिकणारा. दुसरा कॉम्पोझिट, म्हणजे रेझिनमध्ये काचेसारखी बारीक पूड. अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये पेटंट घेतलेल्या रेझिनवर तो आजही बराचसा उभा आहे. तुमच्या दातात यातलं काय भरणार, हे आधी विचारा. विचारल्यानं डॉक्टरचा अपमान होत नाही.

कॉम्पोझिटची परीक्षा कशी होते ते पाहा. आयएसओ ४०४९ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यासाठी २५ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच जाड अशी कांडी तयार करतात. ती ३७ अंशांच्या पाण्यात एक दिवस ठेवतात, मग दोन टेकूंवर आडवी ठेवून मधोमध मोडेपर्यंत दाबतात. दाढेच्या चावण्याच्या भागासाठीच्या मालानं निदान ८० मेगापास्कल ताण सोसला पाहिजे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ८०० किलोहून जास्त. दुसऱ्या काही चाचण्यांत काढलेल्या दातात कॉम्पोझिट भरून तो ५ अंशांच्या आणि ५५ अंशांच्या पाण्यात शेकडो वेळा आलटूनपालटून बुडवतात. मग रंगात ठेवतात, दात उभा कापतात आणि फटीतून रंग कुठवर शिरला ते भिंगाखाली बघतात.

सगळ्यात शहाणी चाचणी मला वाटते ती निळ्या लाइटची. साच्यात माल भरून तो कडक करणारा हा लाइट वरून मारतात, मग कांडी बाहेर काढून खालचा मऊ राहिलेला भाग खरवडून टाकतात. उरलेली लांबी मोजून तिचं निम्मं धरतात. तेवढ्याच खोलीपर्यंत माल भरवशाचा. म्हणून साधं कॉम्पोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचं आणि प्रत्येक थराला वेगळा लाइट द्यायचा. खोल खड्डा एका दमात भरला तर मुगवडीसारखं होतं, वरून कडक आणि आत ओलं. बाहेरून कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही.

प्रयोगशाळेत लाळ नसते, हे मात्र विसरू नका. दातावर आम्ल लावून, धुऊन, सुकवून मग चिकटवण लावतात. त्या तयार पृष्ठभागाला लाळ लागली की पकड गेली, आणि ते काम पुन्हा करावं लागतं. तेव्हा मध्येच तोंड मिटू नका, थुंकायला उठू नका. डॉक्टर दाताभोवती रबराचा पडदा लावत असतील तर कुरकुर करू नका. ‘डॉक्टर, लवकर आटपा, बस आहे’ हे वाक्य तर घरीच ठेवून या.

आणखी एक आपल्या भागाचं. मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो. बऱ्याच कॉम्पोझिटच्या पाकिटांवर मात्र २५ अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. दवाखान्यात माल फ्रीजमध्ये ठेवतात का आणि मुदत कधीची आहे, हे मोकळेपणानं विचारा. लाइटची ताकदही दिवसेंदिवस उतरते. ती मोजायचं छोटं यंत्र मिळतं. चांगला डॉक्टर ते आनंदानं दाखवेल.

आता आपली बाजू. प्रयोगशाळेतलं यंत्र लाखो वेळा चावून दाखवतं, पण खर्रा खात नाही. सुपारी दिवसभर रगडायची आणि सिमेंटला दोष द्यायचा, हा न्याय नाही. (खर्रा सोडायचं खरं कारण दातांपेक्षा फार मोठं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.) हळदीनं कॉम्पोझिट पिवळं पडतं. सावजी रस्सा बंद करा असं मी म्हणणार नाही, भरल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस तेवढा थांबवा. संत्री खाल्ल्यावर चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका, आम्लानं दातावरचं कवच तेवढा वेळ मऊ असतं.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी वर सांगितल्यासारख्या चाचण्या करायच्या तर काढलेले दात लागतात, खास करून तारा लावण्यासाठी काढलेल्या धडधाकट उपदाढा. मुलाचा तसा दात निघणार असेल आणि कुणी संमती मागितली तर द्या. तो एरवी कचऱ्यातच जातो.

आणि दात भरून झाल्यावर पैसे देताना मालाचं नाव, तारीख आणि शेड, म्हणजे रंगछटा, ए-२ की ए-३, चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढे कोपरा उडाला तर नागपुरातल्या डॉक्टरलाही सगळं न उकरता तेवढीच दुरुस्ती करता येईल का, हे ठरवायला सोपं जातं.