सरकारी खर्चाने बर्फातली सहल?

'हिमाद्री'चा फोटो कुठेही टाका, खाली ठरलेली कमेंट येतेच: "इथे शेतकऱ्याला पाणी नाही आणि हे चालले आमच्या पैशाने बर्फ बघायला!"

मंडळी, हिशोब जरूर मागा. पण आधी ही 'सहल' कशी असते ते तरी बघा.

हिमाद्री म्हणजे आर्क्टिकमधलं भारताचं संशोधन केंद्र. चालवतं आपल्या वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. जागा नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये, ७९ अंश उत्तरेला. ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. वस्तीबाहेर जायचं तर खांद्याला बंदूक, कारण पांढरी अस्वलं. घरांना कुलूप लावत नाहीत. अस्वल मागे लागलं तर जवळच्या दारात घुसता आलं पाहिजे. वायफाय, ब्लूटूथ बंद, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणीला त्याचा अडथळा होतो. काढा आता सेल्फी आणि टाका स्टेटसला!

आणि हे सोसायचं कशासाठी? १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतंय. तिथल्या जमिनीवरचा बर्फ वितळला की समुद्र चढतो, आणि समुद्राला कोकण-गोव्याचा किनारा वेगळा नाही. आपल्या पावसाशी त्या तापण्याचा संबंध काय, हेही शास्त्रज्ञ तपासतायत. म्हणजे कमेंटमध्ये ज्या शेतकऱ्याला पुढे करता, त्याच्याच कामाचा प्रश्न.

आता खरा हिशोब. हिमाद्री सुरू झालं जुलै २००८ मध्ये. हिवाळ्यात आपली माणसं तिथे पहिल्यांदा राहिली डिसेंबर २०२३ मध्ये. मधले पंधरा हिवाळे गेले! आर्क्टिकचं तापणं सगळ्यात जास्त जाणवतं ते थंडीच्याच महिन्यांत, आणि नेमकं तेव्हाच आपण घरी. २०१४ पासून तिथल्या फ्योर्डच्या पाण्यात आपली यंत्रं आहेत, मान्य. पण सगळंच यंत्रावर सोडून चालत नाही, आणि हुकलेला हिवाळा पुन्हा मोजता येत नाही.

तेव्हा "कशाला गेलात?" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचंच तर हे विचारा: इतक्या उशिरा का गेलात? आता दर हिवाळ्यात जाणार ना? आणि तिथे जे कळलं, ते आमच्या भाषेत आम्हाला कधी सांगणार?

ही कमेंट टाका. लाईक मी करतो.