सहलीला तेवढं एक पोरगं का नको?

मंडळी, आमच्या बुलढाण्याकडे शाळेची लोणारची सहल निघाली की टाइप वन मधुमेहाचं मूल घरी राहतं. "उगीच जोखीम कशाला?" म्हणे. ही काळजी नव्हे, अंगचोरी आहे!

१९२२ साली टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या पोराला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. १९२५ साली अमेरिकेत मिशिगनला डॉ. वेंट यांनी अशा मुलांचं उन्हाळी शिबिरही भरवलं. शंभर वर्षं झाली... आम्ही अजून सरोवराच्या उतरणीला भितो!

चढ-उतारानं साखर घसरते, कबूल. घाम, थरथर दिसली आणि मूल शुद्धीत असलं, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. एवढं गुरुजींना शिकता येत नाही?

नागपूरच्या ड्रीम ट्रस्टने गरीब मुलांना इन्सुलिन पुरवलं, संभाजीनगरच्या 'उडान'ने अशी मुलं एकत्र आणली. बरोबरीची पोरं स्वतः सुई टोचताना दिसली की मुलाची भीती जाते. हे घरी बसून होत नाही.

दिवाळीच्या सुटीत आपल्या जिल्ह्यात दोन दिवसांचं शिबिर भरवायला लागतं काय? एक जाणकार डॉक्टर, एक नर्स, शाळेच्या चार खोल्या. खोल्या तर रिकाम्याच असतात!