सल्ला आपल्याला, कमिशन कुणाकडून?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या मोठ्या वहिनींचा मिक्सर बंद पडला. कंपनीचा नंबर हवा म्हणून त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर फिरवला. पलीकडचा मुलगा अगदी अदबीनं बोलला. 'नोंदणीचे 5 रुपये तेवढे भरा' म्हणाला आणि एक लिंक पाठवली. संध्याकाळपर्यंत वहिनींच्या खात्यातून 18 हजार रुपये गेले होते. तीन दिवस त्यांनी घरात अवाक्षर काढलं नाही. "भावोजी, तुम्ही बँकेतले. मूर्ख म्हणाल, म्हणून नाही सांगितलं," असं मला नंतर म्हणाल्या. ताबडतोब 1930 वर कळवलं असतं तर कदाचित थोडे पैसे अडवता आले असते.

मला त्यांना मूर्ख म्हणवेना. त्या नंबरापाशी बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं लिहिलं होतं म्हणे. नातवानं दाखवलं तेव्हा मलाही चष्मा पुसून पाहावं लागलं.

गंमत अशी, की हा धोका सगळ्यात आधी ओळखणाऱ्यांत गूगलचे जन्मदातेच होते. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 साली, स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थी असताना लिहिलेल्या निबंधाच्या परिशिष्टात बजावलं होतं, की जाहिरातींच्या पैशावर चालणारं शोधयंत्र जाहिरातदाराकडेच झुकणार. 2000 साली ते स्वतःच जाहिराती घेऊ लागले. यात मला ढोंग वगैरे दिसत नाही. पगार कुठून येतो, त्यावर माणसाची मान कुठे वळते ते ठरतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

2000 नंतर बँकांना विमा विकायची मुभा मिळाली आणि आमच्या शाखेतही उद्दिष्टांचे तक्ते आले. 2007 साली एक निवृत्त मास्तर मुदत ठेवीची पावती मोडून पुन्हा ठेव करायला आले. मी त्यांना चहा पाजला आणि बाजाराशी निगडित विमा पॉलिसी गळ्यात मारली. खोटं एक अक्षर बोललो नाही. फक्त त्यांनी जे विचारलं होतं, त्याच्या वर मला हवं ते ठेवलं. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. मास्तर भांडायलासुद्धा आले नाहीत. नुसते आले, पासबुक भरून घेतलं आणि गेले.

म्हणून पैसे घेऊन विनाजाहिरात शोध देणारी कागी नावाची अमेरिकन सेवा आहे असं कळलं, तेव्हा मी लगेच कान टवकारले. पहिले 100 शोध फुकट, मग महिन्याला 5 डॉलरमध्ये 300 शोध, 10 डॉलरमध्ये हवे तितके. मी 5 डॉलरवाला झालो, म्हणजे साधारण साडेचारशे रुपये. कादंबरीसाठी जुन्या गिरण्यांची माहिती शोधताना पडदा शांत असतो, साड्या आणि सहली मध्ये येत नाहीत. आणि दिवसाला दहाच शोध वाट्याला येतात म्हटल्यावर मी विचारण्याआधी जरा विचार करू लागलो. हा फायदा जाहिरातीत लिहिलेला नव्हता!

तरी डोळे झाकून शिफारस करवत नाही. गूगलच्या जाहिरात विभागाचे माजी प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी अशीच निवा ही सेवा काढली होती, ती 2023 साली बंद पडली. शिवाय जाहिरात गेली म्हणून लबाड माणूस जात नाही. साध्या निकालांतही खोटा नंबर घुसू शकतो. लिहिण्या-वाचण्यावर, अभ्यासावर ज्याचं पोट आहे त्यानं हे पैसे जरूर भरावेत, असं माझं मत. महिन्यातून चार वेळा रेल्वेचं वेळापत्रक पाहणाऱ्यानं भरू नयेत.

पण आमच्या सौ.नं विचारलेला प्रश्न मला अजून टोचतो. "तुम्हाला प्रायोजित आणि खरं यातला फरक कळतो, तर तुम्ही पैसे भरून सुटलात. ज्यांना कळत नाही, त्या फुकटातच राहणार ना?" नळाला गढूळ पाणी येतं म्हणून आपण घरात फिल्टर बसवावा, तसं हे झालं.

वहिनींना मी माझ्या खर्चानं ती सेवा घेऊन देतो म्हटलं. त्या नको म्हणाल्या. मिक्सरच्या वॉरंटी कार्डावरचा नंबर त्यांनी ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलाय. त्याच्याखाली लाल शाईनं 1930.