नाव हवे की पडदा?

बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून नवा टीव्ही घ्यायचे ठरले आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. दादा म्हणे, ओएलईडीच हवा आणि तोही सोनीचाच. बाबा म्हणत, नावाचे जादा पैसे कशाला मोजायचे?

मला बाबांचे पटते. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, स्वतः विझतो; म्हणून त्यातला काळोख खरा काळोख असतो. पण हे पडदे बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके. खुद्द सोनी आपल्या ओएलईडी संचांसाठी पडदे एलजी डिस्प्ले व सॅमसंग डिस्प्ले यांच्याकडून घेते. चित्रावरचे संस्कार तिचे, आणि त्यांना मोल आहेच. परंतु पैसे बेताचे असताना एलजीचाच गेल्या वर्षीचा संच घेतला, तर त्यात कमीपणा कसला?

तरीही एक प्रश्न उरतोच. आपल्या घरी पाहणार कोण, आणि काय? आई दिवसभर, लख्ख उजेडात, बातम्यांची एकच वाहिनी लावून ठेवते. वर्षानुवर्षे एकाच जागी राहणाऱ्या बोधचिन्हाचा डाग ओएलईडीवर कायमचा उमटू शकतो. आणि उघड्या खिडकीसमोर तो खरा काळोख दिसणार तरी कसा? आमच्यासारख्या घराने साधा एलईडी संच घ्यावा आणि उरलेले पैसे बाबांच्या पासबुकात राहू द्यावेत.

मित्रहो, शेजाऱ्याचा दिवाणखाना पाहून आपण वस्तू निवडतो. ती आपले घर पाहून निवडावी, एवढेच माझे म्हणणे. दादा अजून रुसलेला आहे.