मामाची ठासणीची बंदूक

आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून झाले की शनिवारी इथे येऊन काहीतरी खरडायचं, हा आपला जुना नेम. आजचा विषय मात्र नेहमीचा नाही. बंदूक! दचकू नका मंडळी. मी स्वतः आयुष्यात जत्रेतल्या फुग्यांशिवाय कशावरही नेम धरलेला नाही, आणि तिथेही दहातले दोनच फुटले होते.

पण माझ्या मामाकडे बंदूक आहे. मामाची शेती जिंतूर तालुक्यात. बंदूक ठासणीची, एकनळी, आजोबांच्या वेळची. नळीत वरून दारू ओतायची, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, टोपी बसवायची आणि मग बार काढायचा. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात जेवून परत येईल. परवान्यावर कारण लिहिलंय : पीक संरक्षण.

गेल्या रविवारी मामाचा फोन आला. "अरे भाच्या, परवान्याचं नूतनीकरण आलंय. तुझी मामी म्हणायलीय, देऊन टाका ती बंदूक सरकारला, कशाला जिवाला घोर. तू शिकलेला हायेस, सांग बरं काय करू?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. आणि आठवडाभर खरंच तोच विचार करत होतो.

ऑफिसात जेवताना विषय काढला तर आमच्या टेबलावर एकमताने ठराव पास. बीडमध्ये काय झालं ते बघितलंस ना? मग सगळेच परवाने बंद करा. सामान्य माणसाला बंदूक हवीच कशाला? नवीन परवाने थांबवा, जुने काढून घ्या, विषय संपला.

बीडचं ऐकून असं वाटणं चूक नाही. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्या खुनात बंदूक वापरली गेली नव्हती, पण त्या निमित्ताने जिल्ह्यातली सगळीच दहशत चव्हाट्यावर आली. कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांचे आणि हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ घरोघरच्या मोबाईलवर फिरले. त्याच महिन्यात सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी परवान्यांचे आकडे लोकांसमोर ठेवले. बीड जिल्ह्यात १२२२ शस्त्र परवाने. आणि शेजारच्या परभणीत? ३२.

हा आकडा मी फोनवर सांगितला तेव्हा मामा खो खो हसला. "म्हंजे म्या बत्तिसातला एक की रे! जगात जर्मनी, भारतात परभणी!"

हसण्यावारी नेऊ नका, कारण मला वाटतं खरी गोम याच दोन आकड्यांत आहे. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या सुमारे २५.८५ लाख होती आणि परभणीची १८.३६ लाख. म्हणजे दीडपटसुद्धा नाही. परवाने मात्र अडतीसपट! कायदा दोन्हीकडे एकच, शस्त्र अधिनियम १९५९. नियम एकच, २०१६ चे. अर्जाचा नमुना एकच, पोलीस चौकशी दोन्हीकडे, सही जिल्हाधिकाऱ्यांची. मग सीमेवरची पाटी ओलांडली की लोकांच्या जिवाला असलेला धोका अडतीसपट वाढतो का? तसं नसेल, तर एकतर बीडमध्ये ज्यांना मिळायला नको होते त्यांना परवाने मिळाले, किंवा परभणीत ज्यांना मिळायला हवे होते त्यांना मिळाले नाहीत. कदाचित दोन्ही.

आमच्या धंद्यात अशा वेळी पहिला प्रश्न विचारतात की चूक स्पेसिफिकेशनमध्ये आहे की इम्प्लिमेंटेशनमध्ये. एकच प्रोग्राम दोन मशीनवर इतकी वेगळी उत्तरं देत असेल तर प्रोग्राम नव्याने लिहायच्या आधी त्या मशीनवर कोण काय टाईप करतंय ते बघावं. आपल्याकडे उलटं होतं. सही कुणी, कशी, कुणाच्या शब्दाखातर केली हे कुणी विचारत नाही. नवा निर्बंध मात्र लगेच येतो, आणि तो सगळ्यात आधी ज्याचं नाव-गाव-पत्ता रजिस्टरात आहे त्याच्यावर पडतो. कारण तो सापडायला सोपा.

२०१९ ची दुरुस्ती आठवून बघा. तोपर्यंत एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत विधेयक आलं त्यात ही मर्यादा एकावर आणायचं घाटत होतं. नेमबाज, वडिलोपार्जित बंदुका असलेली घराणी, शेतकरी, सगळ्यांनी आरडाओरडा केला आणि शेवटी तडजोड दोनवर झाली. वारसाने आलेली बंदूकही या दोनांतच मोजायची. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. लग्नात, मिरवणुकीत बेफिकिरीने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे शेवटचं कलम मला मनापासून पटतं. वरातीत बार काढणाऱ्याचा परवाना दुसऱ्या दिवशी सकाळीच जायला हवा.

पण तीनाच्या दोन केल्याने काय साधलं? 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या जिनिव्हाच्या संस्थेचा २०१८ चा अंदाज असा की भारतात सामान्य लोकांकडे मिळून सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका असाव्यात, आणि त्यातल्या नोंदणी झालेल्या फक्त ९७ लाख. अंदाजच आहे, थोडं इकडेतिकडे धरा. तरी सातातल्या सहा बंदुका कुठल्याच रजिस्टरात नाहीत! गावठी कट्टा विकत घेणारा फॉर्म भरत नाही, त्याला नूतनीकरण नाही, निवडणुकीत ठाण्यात जमा करायची भानगड नाही. मध्य प्रदेशातल्या उमरटीसारख्या गावाचं नाव महाराष्ट्र पोलिसांच्या किती कारवायांत आलंय ते पेपर वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली ती विनापरवाना शस्त्रांची.

आता निवडणुकीचं निघालंच आहे तर ते सांगतो, कारण मामाचं खरं दुखणं तिथे आहे.

२०२४ मध्ये मामाने बंदूक दोनदा जमा केली. एकदा लोकसभेला, एकदा विधानसभेला. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. निरोप आला, बंदूक आणून टाका. मामाने नेऊन दिली, पावती घेतली. तो हंगाम कसला? सोयाबीनची रास झालेली, कापूस वेचणीला आलेला, हरभरा नुकताच उगवून वर आलेला. हरणं शेंडे खुडतात आणि डुकरं ओळीच्या ओळी उकरून टाकतात. मामाची एक एकर दुबार पेरणी झाली. निकाल २३ नोव्हेंबरला लागला, बंदूक हातात यायला डिसेंबर उजाडला. चकरा किती ते विचारू नका. मामा म्हणाला, "डुकराला कुठं आचारसंहिता लागू हाय!"

गंमत म्हणजे अशी सरसकट जमा करायची सक्ती करता येत नाही. गोव्यातल्या एका परवानाधारकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच हे स्पष्ट केलंय. प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती असावी, तिने माणूस बघून ठरवावं. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, यांची शस्त्रं खुशाल जमा करा. निवडणूक आयोगाच्या सूचनाही त्याच धर्तीच्या आहेत. पण तालुक्याच्या पातळीवर निरोप येतो तो एकच, 'आणून टाका'. साठीच्या शेतकऱ्याने ठाण्यात उभं राहून कुठला निकाल वाचून दाखवायचा?

माझा एक मित्र म्हणतो, बंदुकीऐवजी दुसरं काहीतरी करा ना. करतात की! झटका मशीन लावतात, ते चांगलंही आहे, पण पैसे लागतात आणि मोठं कुंपण सांभाळावं लागतं. रात्रभर मचाणावर बसून डबे वाजवतात. फटाके फोडतात. आणि काहीजण कुंपणाच्या साध्या तारेत थेट मेन लाईनचा करंट सोडतात. त्यात डुक्कर मरतंच असं नाही. कधी शेजाऱ्याचा बैल मरतो, कधी पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस मरतो. महाराष्ट्रात अशा बातम्या दर हंगामाला येतात. मामाच्या बंदुकीने आजवर किती डुकरं मेली हे मी विचारलं. उत्तर, एकही नाही. तो नुसता बार काढतो. आवाजाने कळप पळतो. बस्स.

सरकारलाही हा त्रास माहीत आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने पिकांचं नुकसान करणारी रानडुकरं आणि रोही मारायला वन खात्याची परवानगी मिळायची सोय केली. ठीक आहे. पण ती पारध करायची कशाने? परवान्याची बंदूक हवी, आणि ती जिल्ह्यात बत्तीस जणांकडे! एका खात्याने दार उघडायचं आणि दुसऱ्याने जिन्याच्या पायऱ्या काढून घ्यायच्या, असला प्रकार.

आता कुणी म्हणेल, हा तर अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांसारखं बोलायला लागला. नाही हो. बंदूक बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही आणि नसावाच असं माझं मत आहे. १८७८ चा इंग्रजांचा शस्त्र कायदा आपल्या पुढाऱ्यांना फार टोचत होता, म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसच्या हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचाही हक्क होता. पुढे घटना समितीत ह. वि. कामतांनी तो हक्क घालायची दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. बाबासाहेबांचं बरोबरच होतं. रोज बातम्यांत अमेरिकेतल्या शाळा बघितल्या की अजून पटतं.

पण हक्क नाही म्हणजे मर्जी, असं होत नाही. १९५९ च्या कायद्यातच लिहिलंय की परवाना नाकारला तर कारण लेखी नोंदवायचं. रद्द किंवा निलंबित केला तरी कारण लेखी. त्यावर अपील करता येतं. आणि कलम १३ तर पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा, स्पष्ट उल्लेख करतं. कायदा करणाऱ्यांना शेतकरी आणि कमरेला पिस्तूल लावणारा भाऊ यांच्यातला फरक १९५९ मध्येच कळत होता. आपल्यालाच तो २०२४ नंतर कळेनासा झालाय.

एक बोल मात्र परवानाधारकांनाही लावला पाहिजे. निर्बंध आले की ते ओरडतात, पण त्यांच्यातलाच कुणी स्टेटसला पिस्तुलाचा फोटो टाकतो तेव्हा एकजण तोंड उघडत नाही. उलट खाली 'भाऊ नाद खुळा' लिहितात. लोकांचा विश्वास असाच जातो, आणि मग तो मामासारख्याचाही जातो. बीडमध्ये २०२५ मध्ये प्रशासनाने शंभरावर परवान्यांवर कारवाई केली ते योग्यच झालं. माझा प्रश्न एवढाच आहे, की हेच परवाने देताना कुणी काय बघितलं होतं?

म्हणून नवा निर्बंध आणायचाच असेल तर माझ्या मते आधी तो कचेरीवर आणा. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करावं, किती अर्ज आले, किती दिले, किती नाकारले, कुठल्या कारणासाठी. स्वसंरक्षण इतके, पीक संरक्षण इतके, खेळ इतके. नावं नकोत, नुसते आकडे. असा तक्ता वेबसाईटवर असता तर १२२२ चा आकडा कळायला एका सरपंचाचा जीव जावा लागला नसता. निवडणुकीत छाननी समितीने माणूस बघून निर्णय घ्यावा आणि लेखी द्यावा. आणि पीक संरक्षणाच्या परवान्याचं काम तालुक्याच्या गावीच उरकावं, म्हणजे प्रत्येक कागदासाठी जिंतूरहून परभणी नको.

असो. फार लांबलं.

काल रात्री मामाला फोन केला. म्हटलं, मामा, परवाना सोडू नकोस. कायद्याने मिळालाय, कायद्याने ठेव. आणि पुढच्या निवडणुकीत निरोप आला तर लेखी आदेश माग, मी अर्ज लिहून देतो.

मामा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लेखी मागितलं तर साहेबाच्या डोळ्यात येईन की रे. माझ्या मागं कोण हाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीडमधल्या कितीजणांच्या मागं कोण कोण होतं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

ता. क. : नूतनीकरणाचा फॉर्म उद्या सकाळी भरायला बसतोय. मामाने कागदपत्रांचे फोटो पाठवलेत, त्यातल्या दोन फोटोंत कागदापेक्षा त्याचा अंगठाच जास्त दिसतोय :-)