मुरगळलेला पाय चोळू नका

जत्रेचे दिवस आले, की गावोगाव कबड्डीची मैदानं आखली जातात. चढाईला गेलेला आपला पोरगा धपकन पडतो, घोटा आत वळतो आणि घटकाभरात टम्म सुजतो. मग चार जाणती मंडळी जमतात. कुणी तेल लावून चोळतं, कुणी गरम विटेनं शेकतं, कुणी पाय ओढून ‘बसवून’ देतं. सगळ्यांची माया खरी. पण याच मायेनं दुखणं वाढतं, बरं का!

असं का होतं? घोट्याची हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात. पाय वळला की ते ताणले जातात, त्यांचे काही धागे तुटतात. बारीक रक्तवाहिन्या फुटून आतल्या आत रक्त झिरपतं. त्यातच चोळलं किंवा शेकलं, तर सूज वाढू शकते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चोळणं नाही, शेकही नाही.

मग करायचं काय? खेळ तिथंच थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. उघडा बर्फ कातडीला लावू नका. बर्फ नसेल तर गार पाण्याची घडी ठेवा. ठणका कमी होतो. रुंद पट्टी बोटांकडून वर गुंडाळा. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, तर लगेच सैल करा. निजताना पायाखाली उशी द्या.

विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हा चौपदरी उपाय अमेरिकेतले डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ साली सांगितला. पुढं त्यांनीच म्हटलं, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी जखम भरून यायला उशीर होऊ शकतो. तेव्हा बर्फ ठणक्यापुरताच. दोन-तीन दिवसांनी सोसेल तसा घोटा हलवा, हळूहळू भार द्या. चालताना दुखेनासं झालं, की भिंतीला धरून त्या एका पायावर उभं राहण्याचा सराव करा.

पण चार पावलंही टाकता येत नसतील, घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, पाय वाकडा किंवा बधिर झाला असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. दवाखाना गाठा, एक्स-रे काढा. मोडलेलं हाड ‘मुरगळलं’ समजून चोळत बसलं, तर पोराला जन्माचं लंगडेपण येऊ शकतं.

आणि एक ध्यानात ठेवा. पुढचा सामना आहे म्हणून पोराला घाईनं मैदानात उतरवू नका. कच्चा राहिलेला घोटा पुन्हा पुन्हा वळतो; मग तो पोरगा ना मैदानाचा राहतो, ना नांगराचा.