म्हणे, ओळखीचंच वाजवा!

मंडळी, शीर्षकातलं वाक्य माझं नाही. ते एका मराठी मंडळाच्या कार्यक्रम समितीचं आहे. (कुठल्या, ते सांगत नाही. उगाच पॉटलकची आमंत्रणं बंद व्हायची!) माझा एक मित्र पुण्यात इंजिनिअरिंगला असल्यापासून रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. वीस-बावीस वर्षं इतरांची गाणी वाजवून झाल्यावर त्याने इथे स्वतःचा नवा बँड काढला आणि बेसमेंटमध्ये पहिला अल्बम रेकॉर्ड केला. सगळी गाणी मराठी, सगळी स्वतःची. गणपतीच्या कार्यक्रमात त्याने वीस मिनिटं मागितली. उत्तर आलं, "छान आहे हो, पण लोकांना ओळखीचंच वाजवा."

आता दुसऱ्या एका गिटारवाल्याची गोष्ट ऐका. जॉन मॅक्लॉफ्लिन. माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला, 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढून इलेक्ट्रिक गिटारने रॉकची थिएटरं दणाणून सोडलेला माणूस. ५ जुलै १९७५ ला हाच माणूस लाँग आयलंडवरच्या साउथॅम्प्टन कॉलेजात अकूस्टिक गिटार घेऊन, मांडी घालून बसला. वय ३३. बरोबर व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर विनायकराम, मृदंगावर राघवन. त्या मैफलीचं रेकॉर्डिंग १९७६ साली 'शक्ती' बँडचा पहिला अल्बम म्हणून बाहेर आलं.

तीनच रचना. एक अठरा मिनिटांची, एक जवळजवळ अर्ध्या तासाची. ही अर्ध्या तासाची मधेमधे रेंगाळते, हे मी चाहता असूनही कबूल करतो. पण 'लोटस फीट' ही पाच मिनिटांच्या आतली रचना आधी ऐका. इतकं हळुवार वाजवायला वेगाची कीर्ती खुंटीला टांगावी लागते. महाविष्णूच्या रेकॉर्ड जशा खपल्या तशी ही खपली नाही. खपाचाच विचार केला असता तर त्या माणसाने जुनंच वाजवलं असतं. ओळखीचंच!

आणि हा बँड जुळला कुठे? तर इथे, अमेरिकेत. मॅक्लॉफ्लिन कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला. शंकर तिथेच डॉक्टरेट करत होते. माहीमचे झाकीरभाई १९७० साली इकडे आले होते. म्हणजे आपल्यासारखीच, इथे शिकायला-शिकवायला आलेली माणसं. फक्त ती विकेंडला नुसत्या आठवणी काढत बसली नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट'ला ग्रॅमी मिळालं, तेव्हा आपले सगळे व्हॉट्सॅप ग्रुप अभिमानाने भरून वाहत होते. गायक शंकर महादेवन म्हणजे श्रीनिवास खळ्यांचे शिष्य, मग काय विचारता! त्याच डिसेंबरात झाकीरभाई सॅन फ्रान्सिस्कोत गेले आणि पुन्हा तेच ग्रुप हळहळले. हळहळ खरी होती, शंका नाही. पण उद्या असेच पाच अनोळखी लोक आपल्या समितीपुढे आले, तर आपण त्यांना काय सांगू? तेच, दोन हिट गाणी घ्या म्हणून!

काही जण शुद्धतेचा मुद्दा काढतात. गिटार-ड्रम्स आपले नव्हेत म्हणे. अहो, ज्या पेटीशिवाय आपलं नाट्यसंगीत उभं राहत नाही तीही परदेशीच. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली! अभिषेकीबुवांनी 'मत्स्यगंधा'ला चाली दिल्या १९६४ साली, 'कट्यार'ला १९६७ साली. पहिल्या प्रयोगाला त्यातलं एकही पद कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

खजिनदारांची अडचण मला समजते. हॉलचं भाडं, इन्शुरन्स, भारतातून येणाऱ्या कलाकारांची तिकिटं. जुनी गाणी म्हटली की हॉल भरतो. भरू दे की. त्यांची तीन तासांची मैफल कुणी मागितलेली नाही.

आमची मुलगी नववीत आहे, शाळेच्या जॅझ बँडमध्ये बास वाजवते. मंडळाच्या कार्यक्रमाला केवळ आमच्या धाकाने येते आणि मागच्या रांगेत फोन बघत बसते. त्या मित्राच्या अल्बममधलं एक गाणं मात्र तिने ऐकून ऐकून बसवलं आणि मला विचारायला आली, "बाबा, उंबरठा म्हणजे काय?" मराठी शाळेच्या गृहपाठासाठी ती इतकी वर्षं कधी आपणहून आली नव्हती. इथल्या घरांना उंबरठाच नाही, तर शब्द कळणार कुठून? मी तिला आजीच्या सांगलीच्या घराचा फोटो दाखवला.

तेव्हा समितीला माझी जाहीर मागणी आहे. दर गणपतीला अर्धा तास आपल्याच गावातल्या माणसांच्या नव्या गाण्यांना द्या. साउंड चेकसकट, आणि जेवणाच्या आधी. जेवणानंतर नको, कारण तेव्हा अर्धी मंडळी उरलेल्या श्रीखंडाचे डबे भरण्यात गुंतलेली असतात आणि उरलेली अर्धी पार्किंग लॉटमध्ये असतात.